आधी परतीची फेरी

"काका, आम्ही तोरणा केलाय. राजगड तीनदा. हा तर नुसता उतार आहे."

एवढं बोलून तो तिशी-पस्तिशीतला गडी माझ्या बाजूने खाली निघूनही गेला. मागोमाग त्याची बायको, पायात साध्या पट्ट्याच्या सँडल. तिच्यामागे दहाएक वर्षांचा मुलगा, डोक्यावर पिवळी टोपी, हातात अर्ध्या लिटरची बाटली, आणि तीही निम्मी झालेली. मे महिन्याचा शेवटचा आठवडा, सकाळचे दहा वाजायला आले होते. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावरून नदीकडे उतरणारी साउथ कायबॅब नावाची पायवाट. मी वर येत होतो, ते खाली चालले होते. मराठी कानावर पडली म्हणून मीच थांबून विचारलं होतं, कुठवर जाणार? "नदीपर्यंत. संध्याकाळी परत वर."

मी एसटीत तेहतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची चौदा वाहतूक नियंत्रक म्हणून संगमनेर-अकोले भागात. स्टँडवर जाणारी गाडी सगळ्यांना दिसते. फलाटावर लागते, लोक धावतात, रुमाल टाकून जागा धरतात. ती परत कधी येणार, डिझेल पुरेल का, चालक-वाहकाची ड्यूटी किती तास होईल, हे बघणारा माणूस खिडकीमागे बसलेला असतो. तो मी. परतीची फेरी जुळल्याशिवाय मी कधी गाडी सोडली नाही. सुटीत पोरीकडे फिनिक्सला गेलो आणि जावयाने कॅन्यनचा कार्यक्रम आखायला घेतला, तेव्हाही डोक्यात हीच खोड होती. आता वाटतं, त्या दरीला जाणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला ही खोड लागायला हवी. कारण आपली चालण्याची सगळी अक्कल तिथे उलटी पडते.

का ते सांगतो. आपण सह्याद्रीतली माणसं. आपल्याकडे गड आधी चढायचा, मग उतरायचा. दम लागला, पाय बोलायला लागले, तर जिथे असू तिथून मागे फिरायचं, घर उताराच्या दिशेला असतं. शरीरच सांगतं, बस झालं. दरीत ते बिचारं काहीच सांगत नाही. पहिला तास मजेचा, सावलीचा, वाऱ्याचा. गुडघा जरा कुरकुरतो एवढंच. आणि जेव्हा शरीर बोलायला लागतं तेव्हा घर डोक्यावर असतं, ऊन चढलेलं असतं आणि बाटली संपलेली असते. तोरणा सर केलेल्याला इथे धोका जास्त, असं माझं मत आहे. ज्याने काहीच केलेलं नाही तो निदान घाबरून काठावर थांबतो.

आकडे बघा. ही पायवाट काठापासून नदीपर्यंत साधारण ११ किलोमीटर आणि त्यात जवळजवळ साडेचौदाशे मीटर उतार. कळसूबाईचं शिखर समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर. इथे आपण बसमधून उतरतो तेच २२०० मीटरच्या आसपास. म्हणजे चढताना हवा विरळ. तळाशी काठापेक्षा दहा-अकरा अंशांनी जास्त तापतं; उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. आणि या वाटेवर सुरुवातीचा नळ सोडला तर नदी येईपर्यंत पाण्याचा थेंब नाही. उद्यानाचे रेंजर हात जोडून सांगतात, पाट्या लावतात: एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येऊ नका, उन्हाळ्यात दहा ते चारच्या दरम्यान खोल दरीत चालू नका. तरी दरवर्षी अडीचशेहून जास्त माणसांना खालून सोडवून आणावं लागतं. ती सगळी दुबळी किंवा म्हातारी नसतात. तरुण, धडधाकट, "हा तर नुसता उतार" म्हणणारी असतात.

मला हे शहाणपण अमेरिकेत सुचलं असं समजू नका. आमच्या अकोले तालुक्यातच सांदण दरी आहे, साम्रद गावाजवळ. दोन्ही बाजूंना ताशीव कडे, मधे अशी चिंचोळी फट की दुपारीही उजेड गाळून यावा. चाळीस वर्षांपूर्वी आम्ही डेपोतले चौघं दुपारी जेवून तिथे उतरलो. धोंड्यांवरून उड्या मारत पुढे, अजून थोडं, अजून एक वळण. वाटेतल्या डबक्यात कमरेएवढं पाणी होतं, त्याचीही गंमत वाटली. परतताना तेच पाणी, तेच धोंडे, पण उजेड गेलेला आणि एकच बॅटरी, तीही सेल उतरलेली. साम्रदचा एक म्हातारा कंदील घेऊन शोधायला आला. शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाला, "दरीत उतरताना सूर्याला विचारून उतरावं." त्याच्याकडे जेवलो आणि दुसऱ्या दिवशी ड्यूटीला उशीर झाला म्हणून मेमो खाल्ला.

तर जावयाचा कार्यक्रम. पोरगा गुणी आहे, पण फोनवर त्याने जी यादी केली होती ती बघून मला जत्रेच्या जादा गाड्या आठवल्या. एका दिवसात अकरा पॉइंट. प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं. मी म्हटलं, अहो जावईबापू, दरी ४४६ किलोमीटर लांब आहे, कुठे कुठे २९ किलोमीटर रुंद. अकरा ठिकाणांहून बघितली काय आणि तीन ठिकाणांहून बघितली काय, फोटोत तीच लाल-पिवळी थरांची भिंत. दोन मुक्काम करू. एक सकाळ काठावर, एक सकाळ दरीच्या आत. बाकी वेळ मोकळा.

गाडी हॉटेलवर ठेवायची, हा माझा दुसरा हट्ट. उद्यानाच्या आत फुकट बस फिरतात, आणि साउथ कायबॅबच्या सुरुवातीला खाजगी गाडी नेताच येत नाही. जावई म्हणाला, "बाबा, तुम्हाला इथेही बसच हवी." हवी. चालक वक्तशीर, गर्दीत उभं राहायला जागा, आणि कुणी रुमाल टाकत नव्हतं. हे शेवटचं मला थोडं चुकल्यासारखं वाटलं.

बायकोचा डावा गुडघा साथ देत नाही, म्हणून ती काठावर थांबणार होती. मी कागदावर वेळ लिहून तिच्या हातात दिली. निघणं ७.००. सीडर रिज ८.०५. तिथून परत ८.३०. काठावर १०.४०. उतरायला लागेल त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरायचा, हा तिथला सर्वसाधारण हिशेब. आणि ८.३० ला मी कुठेही असलो तरी मागे वळणार, पुढचं वळण कितीही बोलावत असलं तरी. ही एक ओळ बाकीच्या सगळ्या तयारीपेक्षा महत्त्वाची. किती लांब जायचं हे ठरवू नका, कधी वळायचं ते ठरवा.

सीडर रिज म्हणजे काठापासून फक्त २.४ किलोमीटर, साडेतीनशे मीटरच्या आत-बाहेर उतार. चौसष्ट वर्षांच्या माणसाला झेपेल एवढं. सुरुवातीला कड्याला चिकटून नागमोडी वळणं, पांढुरका चुनखडक. वाटेत आडवे ओंडके रोवून पायऱ्या केल्यात, त्यामागची माती पावलांनी आणि खेचरांच्या खुरांनी उकरली गेलेली, त्यामुळे प्रत्येक पायरी हवी त्यापेक्षा चार बोटं उंच. उतरताना हे लक्षात येत नाही. खेचरांची रांग आली की आपण डोंगराच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून गप्प उभं राहायचं. मीही राहिलो. शेवटचं खेचर माझ्याकडे अशा नजरेने बघून गेलं, जशा नजरेने जुने चालक नव्या साहेबांकडे बघतात.

मग एकदम दगडाचा रंग बदलतो, धूळ विटकरी होते आणि समोर मोकळी लाल सपाटी येते. तीच सीडर रिज. आडोशाला संडास आहे, पाणी नाही. समोर पलीकडच्या बाजूला उभ्या सुळक्यांपैकी एकाचं नाव ब्रह्मा. शिव आणि विष्णूही आहेत या दरीत. १८८०च्या दशकात क्लॅरन्स डटन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने ती दोन नावं दिली. विष्णूचं नाव तर पुढे तळाच्या जुन्यापुराण्या खडकालाही चिकटलं, सुमारे १७० कोटी वर्षांचा तो. आपले देव इतक्या लांब येऊन बसलेत हे बघून बरं वाटलं, पण मला जास्त मोह पडला तो शांततेचा. काठावर गर्दीचा गलका असतो. इथे फक्त वारा आणि एका कावळ्यासारख्या मोठ्या पक्ष्याचे पंख. पंचवीस मिनिटं बसलो. चिवडा खाल्ला, लिंबू-साखर-मिठाचं पाणी प्यायलो. नुसतं पाणी पीत राहिलं आणि मीठ पोटात गेलं नाही तर तेही अंगाशी येतं, असं तिथले लोक बजावतात. आपल्या आजीच्या हातची बाटली अमेरिकन शास्त्राला मान्य आहे एकूण. एक गलेलठ्ठ खार चिवड्यासाठी बुटावर चढली. तिला काही द्यायचं नाही. दिलं तर दंड होतो आणि न दिलं तर ती चावते, अशी तिची ख्याती आहे. मी पिशवी बंद करून उठलो. ८.३१.

काठावरची सकाळ आदल्या दिवशी झाली होती, तिच्यासाठी चालण्याची तयारीही लागत नाही. यावापाई संग्रहालयाजवळून काठाकाठाने एक सपाट वाट गावाकडे जाते. वाटेवर धातूच्या खुणा बसवल्यात. एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. गुडघेदुखीवाल्यांनी ही चालावीच. बायको माझ्या हाताला धरून चालत होती. पाच-सहा मीटर गेलो, म्हणजे पन्नास-साठ लाख वर्षं मागे. बहुतेक संशोधकांच्या मते कोलोरॅडो नदीने एवढ्याच काळात ही दरी कोरली. ६६ मीटरवर मी तिला थांबवलं. म्हटलं, इथे आपला सह्याद्री. साडेसहा कोटींच्या आसपास वर्षांपूर्वी लाव्हा ओतला गेला तो इथे. रतनगड, हरिश्चंद्रगड, सगळं इथे जन्मलं. आणि काठावरचा जो खडक पायाखाली आहे, दरीतला सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत तरुण, तो अजून दोनशे मीटर पुढे. ती वाकून त्या खुणेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आपण इथे सगळ्यात धाकटे." सासरी तिला हे कधी म्हणायला मिळालं नव्हतं.

आता ज्यांच्यासाठी लिहायला बसलो ते. आपल्याकडच्या सहलींच्या पत्रकांत ग्रँड कॅन्यन हा बहुधा लास वेगासचा जोडधंदा असतो. पहाटे बस, दुपारी दोन-अडीच तास दरी, रात्री परत कॅसिनोच्या दिव्यांत. आमच्या ओळखीचं एक जोडपं असंच जाऊन आलं. काचेच्या पुलावर उभे राहिले, फोटो काढले आणि राष्ट्रीय उद्यान बघितलं म्हणून सांगत सुटले. तो पूल हुआलापाई या आदिवासी जमातीच्या जमिनीवर आहे, २००७ साली खुला झाला आणि राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेर आहे. तिथे जाऊ नका असं मी म्हणत नाही, ते पैसे त्या जमातीच्या पदरात पडतात. पण माणशी लाखांनी पैसे घेणाऱ्याने एवढं तरी पत्रकात छापावं, की तुम्ही नेमके कुठे उभे राहणार आहात. आणि एक रात्र काठावर द्यावी. वेगासची एक कमी करून द्या, कुणी तक्रार करणार नाही. केली तर ती दोन-तीन माणसं करतील, ती सगळ्या गटांत असतातच.

अमेरिकेतल्या मुलांनाही एक सांगणं. आई-बाबा येतात म्हणून तुम्ही त्यांना गाडीतून काठ दाखवता, बाकावर बसवता, आइस्क्रीम देता. प्रेमाने करता, कळतं. पण पहाटे उठून गावात दूध घालणारा, रोज पर्वती चढणारा, वारीत चालणारा बाप तुमच्या फोनवरच्या यादीपेक्षा जास्त चालतो. त्याला सकाळी सातला दोन तास द्या. वळायची वेळ त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या, आणि मग निवांत झोपा. नदीपर्यंत जायचंच असेल तर तळाशी मुक्कामाची सोय आहे, फँटम रँच, १९२२ पासूनची. तिथल्या खाटांसाठी पंधरा महिने आधी सोडतीत नाव घालावं लागतं. आमच्या भाषेत ती मुक्कामी गाडी; संध्याकाळी पोचायचं, सकाळी परत निघायचं. त्या कुटुंबाने नदीची इच्छा धरली यात माझं काही म्हणणं नाही. त्यांनी मुक्कामी गाडीचा प्रवास साध्या फेरीत बसवला होता.

मी काठावर पोचलो १०.५२ ला. बायको नळाजवळच्या सावलीत बसली होती, कागद हातात.

"बारा मिनिटं लेट. कारण?"

"वाटेत प्रवासी भेटले," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. तिने काही न बोलता चिवड्याची दुसरी पिशवी काढून मांडीवर ठेवली. बस आली, आम्ही सोडली. आणखी एक सोडली. ऊन वर आलं. तिसरीच्या वेळी चालकाने खिडकीतून बघितलं, मी मान हलवली. साडेअकराच्या पुढे वळणावर पिवळी टोपी दिसली. पोरगा एकटाच पुढे येत होता, बाटली उलटी धरून. आला तो सरळ नळाला तोंड लावून उभा राहिला. आई-बाप बरेच मागे होते. तिच्या हातात सँडल, त्याचा हात कमरेवर, दर दहा पावलांवर थांबत. बायकोने पोराला जवळ बोलावलं आणि विचारलं, "तिखट चालतं का रे तुला?"