निविदेतच हवे विदेचे कुलूप

भारतीय स्टेट बँकेच्या ‘एसबीआय क्विक’ सेवेचा मुंबईतील एक सर्व्हर पासवर्डविना इंटरनेटवर खुला असल्याचे जानेवारी २०१९ मध्ये उघडकीस आले. ग्राहकांना जाणारे शिलकीचे संदेश वाचण्यासाठी सर्व्हरचा पत्ता ठाऊक असणे पुरेसे होते.

डेटाबेस दुरून हाताळण्याची गरज खरी आहे. कंत्राटदार बंगळुरूत, सर्व्हर दिल्लीत आणि अधिकारी जिल्ह्यात, अशी सरकारी कामे चालतात. मग मायएसक्यूएलचे ३३०६ क्रमांकाचे पोर्ट ‘तात्पुरते’ साऱ्या जगाला खुले केले जाते. आणि तात्पुरत्या व्यवस्थांना आपल्याकडे दीर्घायुष्य लाभते. अशी पोर्टे हुडकणारी स्वयंचलित यंत्रणा मात्र अहोरात्र जागी असते. २०१७ च्या आरंभी जगभरातील हजारो मोंगोडीबी डेटाबेस असेच पुसले गेले आणि मागे खंडणीच्या चिठ्ठ्या उरल्या.

उपाय खर्चिक नाही. डेटाबेसने केवळ अंतर्गत जाळ्यालाच प्रतिसाद द्यावा. बाहेरच्या व्यक्तीने व्हीपीएनमधून, स्वतःच्या नावाच्या खात्याने, दुहेरी पडताळणीनंतरच आत यावे. ‘सर्ट-इन’चे एप्रिल २०२२ चे निर्देश सांगतात : घटना सहा तासांत कळवा, नोंदी १८० दिवस जपा. योग्यच, पण ही बहुतांशी चोरीनंतरची शिस्त. २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यात सुरक्षेतील हयगयीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. तो सरकारी खात्याला झाला, तर भुर्दंड करदात्यालाच. म्हणूनच ही अट निविदेत हवी आणि कंत्राटदाराचे अंतिम देयक बाहेरून केलेल्या पोर्टतपासणीनंतरच मंजूर व्हावे.