एनबीएतील धिप्पाड ‘सेंटर’चे मोल

जून २०१५. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलच्या, म्हणजेच एनबीएच्या अंतिम मालिकेत गोल्डन स्टेट वॉरियर्सचा संघ क्लीव्हलँड कॅव्हेलियर्सविरुद्ध १-२ असा पिछाडीवर होता. चौथ्या सामन्यात प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी सात फुटी सेंटर अँड्र्यू बोगटला बाकावर बसवले आणि आंद्रे इग्वादालाला सुरुवातीपासून उतरवले. सेंटरची जबाबदारी साडेसहा फुटांच्या ड्रेमंड ग्रीनवर आली. वॉरियर्सने पुढचे तिन्ही सामने जिंकले आणि मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान इग्वादालाला मिळाला. धिप्पाड सेंटरचे युग संपले, असा निष्कर्ष त्यानंतर जवळपास सर्वांनीच काढला.

त्यानंतर बरोबर दहा वर्षांनी, जून २०२५ मध्ये, ओक्लाहोमा सिटी थंडरचा संघ अंतिम मालिकेत इंडियाना पेसर्सविरुद्ध तसाच १-२ असा मागे पडला होता. पहिल्या तीन सामन्यांत प्रशिक्षक मार्क डेगनॉल्ट यांनी सात फुटी आयझाया हार्टनस्टाईनला सुरुवातीच्या पाचांतून वगळले होते. चौथ्या सामन्यात त्यांनी त्याला परत आणले. थंडरने तो सामना जिंकला आणि अखेर मालिकाही ४-३ अशी खिशात घातली.

दोन्ही प्रशिक्षकांचा निर्णय बरोबर ठरला. उंच सेंटरच्या मोलाबद्दलचा वाद नेमका येथेच समजून घ्यावा लागतो. पूर्वी सेंटर हा संघाचा पाया असे आणि उर्वरित चार खेळाडू त्याच्याभोवती रचले जात. आज तो किती मिनिटे आणि कोणत्या प्रतिस्पर्ध्यासमोर मैदानात टिकू शकतो, यावर त्याची किंमत ठरते.

उंचीविरुद्ध नियमांची लढाई

उंच माणसाचे वर्चस्व या खेळाने कधीच मुकाट्याने स्वीकारले नाही. मिनियापोलिस लेकर्सच्या जॉर्ज मायकनला रोखता येईना, तेव्हा फोर्ट वेन पिस्टन्सने नोव्हेंबर १९५० मध्ये चेंडू स्वतःजवळच दाबून ठेवण्याचा मार्ग पत्करला आणि तो सामना १९-१८ असा संपला. पुढच्याच वर्षी रिंगसमोरचा पट्टा सहा फुटांवरून बारा फूट रुंद करण्यात आला. या पट्ट्यात आक्रमकाला तीन सेकंदांहून अधिक काळ उभे राहता येत नसल्याने मायकनला रिंगपासून दूर सरकणे भाग पडले. १९५४ मध्ये २४ सेकंदांच्या आत फेक करण्याचे बंधन आले. विल्ट चेंबरलेनने १९६२ मध्ये एका सामन्यात १०० गुण केले आणि १९६४ मध्ये तो पट्टा आणखी रुंदावून सोळा फुटांचा झाला.

तरीही सेंटरची सद्दी संपली नाही. बिल रसेलने तेरा मोसमांत बोस्टन सेल्टिक्सला अकरा विजेतेपदे मिळवून दिली. करीम अब्दुल-जब्बार सहा वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९८४ च्या निवड प्रक्रियेत हकीम ओलाजुवान पहिला आणि सॅम बोवी दुसरा निवडला गेला, मायकेल जॉर्डनचा क्रमांक तिसरा लागला. जॉर्डनला डावलून बोवीला घेणाऱ्या पोर्टलँडची आजही थट्टा होते. तथापि, त्या काळात सेंटरला किती मोल होते, याचा तो निर्णय म्हणजे उत्तम दाखलाच होय. २००० ते २००२ या तीन वर्षांत लेकर्सने सलग विजेतेपदे पटकावली आणि तिन्ही अंतिम मालिकांत शकील ओनील सर्वोत्तम ठरला.

ओनीलचा हा बहर सुरू असतानाच, २००१-०२ च्या मोसमापासून, लीगने एक महत्त्वाचा बदल केला. तोपर्यंत बचाव करणाऱ्याला आपला प्रतिस्पर्धी सोडून मोकळ्या जागेत थांबता येत नसे. साहजिकच रिंगजवळ पाठ करून उभ्या असलेल्या सेंटरकडे चेंडू गेला की त्याची लढत बहुधा एकाशीच होई. नव्या नियमाने क्षेत्ररक्षणाला, म्हणजे ‘झोन’ बचावाला मुभा मिळाली. आता सेंटरच्या हाती चेंडू पोहोचण्याआधीच त्याच्यापुढे एक आणि मागे एक असे दोघे उभे करता येऊ लागले. बचावपटूने पट्ट्यात विनाकारण तीन सेकंदांहून जास्त थांबू नये, अशी अटही सोबत घालण्यात आली. २००४-०५ पासून बाहेरच्या चपळ खेळाडूला हाताने अडवण्यावर कडक कारवाई सुरू झाली. आतली वाट अरुंद होत गेली आणि बाहेरची रुंद.

शंभर फेकांचा हिशेब

त्यातच गणिताची भर पडली. तीन गुणांची रेषा एनबीएत १९७९-८० मध्ये आली. त्या मोसमात एक संघ सामन्यामागे सरासरी तीनहूनही कमी वेळा तेथून फेक करी. २०२४-२५ मध्ये ही सरासरी ३७ च्या पुढे गेली. या बदलामागचा हिशेब सोपा आहे. तीन गुणांच्या रेषेबाहेरून शंभर फेकांपैकी ३६ यशस्वी झाल्या, तर १०८ गुण होतात. रिंगकडे पाठ करून, अंगावर बचावपटू घेत सेंटरने शंभरांपैकी ४५ फेका यशस्वी केल्या, तर गुण होतात ९०. बरोबरी साधायची तर त्याला ५४ यश हवे आणि तेही दोघांच्या वेढ्यातून.

परंतु हा हिशेब येथेच थांबवणे अन्यायाचे होईल. सहकाऱ्यासाठी ‘स्क्रीन’ लावून रिंगकडे धावलेल्या सेंटरला वरच्यावर पास मिळाला आणि अशा शंभर संधींपैकी त्याने ६५ साधल्या, तर १३० गुण होतात. म्हणजे रिंगखालची जागा आजही मैदानातील सर्वांत मोलाची आहे. अवमूल्यन झाले ते तेथे चेंडू घेऊन सावकाश झगडण्याच्या पद्धतीचे. बाहेरून फेका वाढल्याने हुकलेल्या फेकाही वाढल्या आणि त्या झेलणाऱ्याची गरजही उरलीच.

एकाच वर्षी आलेले दोघे

हा बदल समजून घेण्यासाठी २००८ मध्ये लीगमध्ये निवडले गेलेले दोन सेंटर पुरेसे आहेत. इंडियाना पेसर्सचा सात फूट दोन इंचांचा रॉय हिबर्ट हात सरळ वर ठेवून उडी घेई आणि समोरच्याला रिंग दिसेनाशी होई. २०१३ मध्ये पूर्व विभागाच्या अंतिम मालिकेतील पहिल्या सामन्यात, अखेरच्या दोन सेकंदांसाठी पेसर्सने त्याला बाहेर बसवले. मायामीचा सेंटर ख्रिस बॉश बाहेरून फेक करील, ही धास्ती त्यामागे होती. रिंग मोकळी दिसताच लेब्रॉन जेम्स थेट आत घुसला आणि त्याने सामना जिंकून दिला. सेंटरच्या मोलाचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

मात्र पुढच्याच वर्षी अटलांटा हॉक्सने पाचही खेळाडू रेषेबाहेर उभे करून हिबर्टला रिंगपासून दूर ओढले. त्या मालिकेतील काही सामन्यांत त्याला एकही गुण करता आला नाही. २०१४ मध्ये ‘ऑल-स्टार’ संघात निवडला गेलेला हा खेळाडू २०१७ नंतर एनबीएत दिसला नाही.

दुसरा ब्रूक लोपेझ. सात फुटांचा हा सेंटर रिंगजवळ पाठ करून खेळण्यात वाकबगार होता. पहिल्या आठ मोसमांत मिळून त्याच्या तीन गुणांच्या यशस्वी फेका होत्या केवळ तीन. नवव्या मोसमात, २०१६-१७ मध्ये, त्याने तशा १३४ फेका साधल्या. पुढे मिलवॉकी बक्सच्या २०२१ मधील विजेतेपदात रिंगखालचा रखवालदार आणि बाहेरचा फेकपटू अशी दुहेरी भूमिका त्याने बजावली. दोघांची उंची जवळपास सारखीच, पण लोपेझने आपली जुनी हातोटी बाजूला ठेवून नवी शिकून घेतली.

बचावाची खरी कसोटी

आक्रमणात सेंटरला चार गोष्टी कमी येत असल्या तरी निभावून नेता येते, बचावात ते जमत नाही. फ्रान्सचा रूडी गोबेर याचे उदाहरण या संदर्भात सर्वाधिक चर्चिले जाते. लीगमधील सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार त्याने चार वेळा मिळवला असून या बाबतीत तो डिकेंबे मुटोम्बो आणि बेन वॉलेस यांच्या पंक्तीत बसतो. २०२०-२१ मध्ये त्याच्या बळावर युटा जॅझने साखळीत सर्वाधिक विजय नोंदवले. पण दुसऱ्या फेरीत लॉस एंजेलिस क्लिपर्सने उंच सेंटरशिवाय पाच फेकपटू उतरवले. रिंगजवळ थांबावे तर बाहेरचा मोकळा राहतो आणि बाहेर जावे तर रिंग उघडी पडते, अशा कात्रीत गोबेर सापडला. सहाव्या सामन्यात २५ गुणांची आघाडी गमावून जॅझ बाहेर पडले.

दोष सारा गोबेरच्या माथी मारला गेला. वास्तविक बाहेरच्या खेळाडूंना त्यांच्या रक्षकांनी इतक्या सहज निसटू दिले नसते, तर सेंटरवर ती वेळ आलीच नसती. २०२२ मध्ये मिनेसोटा टिंबरवूल्व्ह्जने अनेक खेळाडू आणि पहिल्या फेरीच्या चार निवडी मोजून त्याला घेतले, तेव्हा त्या सौद्याची टर उडवली गेली. २०२३-२४ मध्ये मिनेसोटाचा बचाव लीगमध्ये सर्वोत्तम ठरला आणि संघ पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेत पोहोचला. तेथे मात्र दुसऱ्या सामन्याच्या अखेरीस लुका डॉन्चिचने गोबेरला बाहेर ओढून, एक पाऊल मागे घेत तीन गुणांची निर्णायक फेक केली. साखळीतील ८२ सामन्यांत तारणारा सेंटर बाद फेरीतील एका क्षणी उघडा पडू शकतो. संघमालकांना पैसे मोजताना हे दोन्ही हिशेब मांडावे लागतात.

वरळीत दिसलेले भविष्य

ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे भारतातील पहिले दोन सामने झाले. सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स आमनेसामने होते. किंग्जचे मालक विवेक रणदिवे हे मूळचे मुंबईचे. पेसर्सच्या ताफ्यात तेव्हा डोमांटास सबोनिस आणि माइल्स टर्नर हे दोन उंच खेळाडू होते. या दोघांना एकत्र खेळवावे की एकालाच ठेवावे, हा प्रश्न त्या संघाला पुढे काही वर्षे छळत राहिला.

सेंटरच्या दोन नव्या वाटा याच जोडीत दिसतात. टर्नर रिंगवर फेका अडवतो आणि बाहेरून तीन गुणही मिळवतो. पेसर्सने त्यालाच ठेवले आणि २०२५ च्या अंतिम मालिकेपर्यंत तो संघासोबत होता. सबोनिसला फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच किंग्जकडे धाडण्यात आले. तो चेंडू हाती घेऊन पासांनी आक्रमण रचतो. त्याचे वडील आर्विदास यांचाही हाच गुण वाखाणला जाई. २०२२-२३ मध्ये तो लीगमध्ये रिबाउंडमध्ये अव्वल ठरला आणि किंग्जने सोळा मोसमांचा दुष्काळ संपवून बाद फेरी गाठली. तेथे त्यांना हरवले ते वॉरियर्सनी. उंच सेंटर निकालात काढल्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, त्याच वॉरियर्सच्या केव्हॉन लूनी या जुन्या धाटणीच्या सेंटरने त्या मालिकेतील तीन सामन्यांत वीस किंवा त्याहून अधिक रिबाउंड घेतले.

सबोनिसच्या वाटेवरचा सर्वश्रेष्ठ पथिक अर्थातच सर्बियाचा निकोला योकिच. २००० मध्ये ओनील सर्वोत्तम खेळाडू ठरल्यानंतर तो मान पुन्हा सेंटरकडे येण्यास २०२१ उजाडावे लागले. त्यानंतर मात्र सलग चार वर्षे तो सेंटरकडेच राहिला. तीनदा योकिच आणि एकदा जोएल एम्बीड. २०१४ मध्ये तब्बल ४१ व्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या योकिचने २०२३ मध्ये डेन्व्हर नगेट्सला पहिले विजेतेपद मिळवून दिले. अर्थात असा खेळाडू एखादाच निपजतो. थंडरने २०२४ मध्ये हार्टनस्टाईनला तीन वर्षांसाठी ८ कोटी ७० लाख डॉलर मोजले, ते स्क्रीन, रिबाउंड आणि पास या कमी बोलबाला होणाऱ्या कामांसाठी.

उंच मुलांचे काय?

वॉरियर्सने १६ जून २०१५ रोजी विजेतेपद मिळवल्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी पंजाबातील बल्लोके गावच्या, सात फूट दोन इंच उंचीच्या सतनामसिंगला डॅलस मॅव्हेरिक्सने ५२ व्या क्रमांकावर निवडले. एनबीएने निवडलेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. त्याला एनबीएचा एकही साखळी सामना खेळता आला नाही आणि पुढे तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला. बदललेली शैली हेच त्याचे एकमेव कारण होते, असे म्हणता येणार नाही. परंतु ज्या दरवाजातून त्याच्यासारख्या महाकाय खेळाडूला पूर्वी सहज प्रवेश मिळे, तो नेमका त्याच सुमारास अरुंद होत होता, हे नाकारता येत नाही.

आपल्याकडे उंच मुलगा मैदानावर आला की त्याला रिंगखाली उभे करून दोन्ही हात वर करायला सांगितले जाते. उंचीला आजही मोल आहे आणि रिंगखालची रखवाली कालबाह्य झालेली नाही. पण त्या मुलाला पास देणे, आडवे सरकत चपळ खेळाडूला अडवणे आणि बाहेरून फेक करणे वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षीच शिकवले नाही, तर विसाव्या वर्षी त्याची उंची त्याला बाकापर्यंतच नेईल. लोपेझला हा धडा नवव्या मोसमात गिरवता आला, कारण तोवर तो लीगमध्ये स्थिरावला होता. नवख्याला तेवढी सवड मिळत नाही.