लवंग टोचलेली मोसंबी



बांद्र्याला एका घरी स्वयंपाकाला जाणाऱ्या वाचक भगिनीने विचारले आहे, "नाताळ आला की आमच्या बाईंच्या हॉलमध्ये लवंगा टोचलेली संत्री फितीला बांधून टांगतात. घर नुसते घमघमते. माझ्या मुलीला तसे करायचे आहे. कसे करतात?"

ही पद्धत विलायतेची. इंग्लंडमध्ये याला पोमँडर म्हणतात. मूळ शब्द फ्रेंच, अर्थ 'अंबराचे सफरचंद'. पूर्वी श्रीमंत लोक अंबर आणि सुगंधी डिंकाचा गोळा जाळीदार डबीत घालून गळ्यात नाहीतर कमरेला अडकवीत. रोगराई दुर्गंधीतूनच येते, अशी त्या काळी वैद्यांचीसुद्धा समजूत होती. आठव्या हेन्री राजाचा मंत्री कार्डिनल वुल्सी तर संत्र्याचा गर काढून आत व्हिनेगरचा स्पंज भरी. गर्दीतून जाताना, किंवा अर्ज घेऊन आलेल्या लोकांनी घेरले की, ते संत्रे नाकाशी धरी. त्याच्याच पदरी असलेल्या कॅव्हेंडिश नावाच्या माणसाने हे लिहून ठेवले आहे. हा वुल्सी १५३० साली वारला. एवढा मोठा मंत्री, पण खाटकाचा पोरगा म्हणून त्याचे वैरी त्याला हिणवीत. आणि तो गोरगरिबांच्या वासाला नाक झाकी! आपल्या वाचकांना याचे फारसे नवल वाटू नये.

असो. आज तिकडे हे काम घरची मुलेबाळे करतात. आपणही करू, पण थोडा फरक करावा लागेल.

पहिला फरक फळाचा. आपले नागपुरी संत्रे खायला उत्तम, पण त्याची साल सैल. लवंग त्यात नीट धरत नाही आणि साल फाटते. तिकडचे संत्रे घट्ट सालीचे असते. म्हणून आपण मोसंबी घ्यावी. लहान, कडक, डाग नसलेली. धुऊन कोरडी पुसा. फीत बांधायची तेवढी जागा आधी दोरा गुंडाळून मोकळी ठेवा. दाभणाने सालीला भोके पाडा आणि एकेका भोकात लवंग दाबा. नुसत्या अंगठ्याने दाबाल तर दहा लवंगांत अंगठा सुजेल, अंगुस्तान घाला. फळ वाळून आक्रसते, म्हणून दोन लवंगांत किंचित फट असू द्या; फार मोठी मात्र नको. लवंगेच्या तेलामुळे बुरशी दूर राहते. लवंग म्हणजे नुसती नक्षी नव्हे.

मग दालचिनीची पूड आणि थोडे किसलेले जायफळ ताटात पसरून त्यात मोसंबी घोळवा. टोपलीत कागदावर ठेवा, सावलीत, पण वारा लागेल अशा जागी. रोज फिरवा. तीन-चार आठवड्यांत ती हलकी आणि टणक होते. म्हणजे नाताळासाठी नोव्हेंबरातच सुरुवात हवी.

प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीही ठेवू नका. मी एकदा हौसेने श्रावणात केली आणि पिशवीत घालून ठेवली. पाचव्या दिवशी हिरवी बुरशी, आणि लवंगा वाया गेल्याबद्दल सासूबाईंची बोलणी, ती वेगळीच. मऊ पडलेली मोसंबी टाकूनच द्यावी, तिचा मोह धरू नये.

आता खर्चाचे बोलू. एका लहान मोसंबीला पंचवीस-तीस ग्रॅम लवंग सहज लागते. महिन्याच्या किराण्यात हे बसत नसेल तर एकच करा, किंवा दुसरी रीत धरा. संत्रे खाऊन झाल्यावर साली फेकू नका. उन्हात कडक वाळवा, दालचिनीचा तुकडा आणि चार लवंगा घालून पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधा. मोसंबीच्या पातळ चकत्या उन्हात वाळवून दोऱ्यात ओवल्या तर खिडकीला छान तोरण होते, उजेड आरपार दिसतो. आणि पाहुणे येणार असतील तर ताज्या साली, दोन लवंगा, दालचिनी एका पातेल्यात मंद उकळत ठेवा. दहा मिनिटांत खोलीभर वास. पण रॉकेल-गॅसचा हिशेब आपला आपण पाहावा.

कपड्यांच्या ट्रंकेत पोमँडर ठेवल्याने कसर लागत नाही असे म्हणतात. मी हमी देणार नाही. कपड्यांना ऊन दाखवूनच ठेवा; वास मात्र चांगला येतो. पाळण्यातल्या किंवा रांगत्या मुलाच्या हाती ती देऊ नका. लवंग सुटून घशात अडकेल.

वर्षभराने वास उतरला तर मोसंबी टाकू नका. पुन्हा दालचिनीच्या पुडीत घोळवा, आणि दाढदुखीसाठी आणलेले लवंगेचे तेल घरात असेल तर त्याचे दोन थेंब वर सोडा.