मुलांकडचे सहा महिने आणि रोजचे चालणे

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत स्थायिक झालेली असते, अशा घरांतील आईवडिलांची जाण्याची लगबग साधारणतः मार्च-एप्रिलपासून सुरू होते. पर्यटक व्हिसावर बहुधा सहा महिन्यांपर्यंत राहता येते आणि नातवंडांच्या ओढीने पुष्कळ जण ती मुदत पुरेपूर वापरतात. बॅगेत भाजणी, मेतकूट आणि औषधांच्या गोळ्या आठवणीने भरल्या जातात. तेथे रोज चालायचे कोठे, हा विचार मात्र क्वचितच होतो.

पुण्यात किंवा नाशकात भाजी, देऊळ, बँक, बागेतला कट्टा अशा निमित्तांनी दिवसाकाठी दोन-तीन किलोमीटर सहज चालणे होते. त्याला आपण व्यायाम म्हणत नाही. पण गुडघ्यांची हालचाल, रक्तातील साखर आणि रात्रीची झोप यांना त्याचाच मोठा आधार असतो. न्यू जर्सीच्या उपनगरांत ही निमित्तेच नाहीशी होतात. दुकान दोन मैलांवर, बस तुरळक आणि मोटार चालवायची तर मुलांनीच. मग आठवडाभर घर आणि शनिवार-रविवारी एखादा मॉल, असा क्रम पडतो. पायांतील ताकद हळूहळू घटते. त्याहूनही, उंबरठा ओलांडायलासुद्धा कोणाला तरी विचारावे लागते, हे स्वाभिमानाने जगलेल्या माणसाला आतून खुपते.

म्हणून परदेशी पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट ठरवावी : मोटारीवाचून, कोणाला न विचारता, रोज जाता येईल अशी एक वाट. प्रेक्षणीय स्थळे त्यानंतर. ६५ वर्षांवरील व्यक्तींनीही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीची हालचाल करावी आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम तीन दिवस करावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. दिवसाला पंचवीस मिनिटे चालले, तरी त्यातील पहिला भाग पुरा होतो. शिवाय उन्हाळ्यात भारताच्या साडेनऊ तास मागे असलेल्या त्या घड्याळाशी शरीर जुळवून घेण्यास दिवसाउजेडी बाहेर पडणे फार उपयोगी ठरते.

घराजवळची वाट ठरली की आठवड्यातून एखादी मोठी फेरी काढावी. तिलाही फारसा खर्च येत नाही. एडिसनमधील रूझवेल्ट पार्क हे काउंटीचे उद्यान आहे. तळे, झाडी, पायवाटा आणि प्रवेश विनामूल्य. नेवार्कच्या ब्रांच ब्रुक पार्कमध्ये पाच हजारांहून अधिक चेरीची झाडे आहेत. एप्रिलमध्ये ती फुलतात, तेव्हा तेथे फिरायला एक पैसाही पडत नाही.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी डेलावेअर अँड रॅरिटन कालव्याची वाट विशेष सोयीची आहे. हा कालवा १८३४ मध्ये पूर्ण झाला. काठाने चालणारी खेचरे त्यातील नावा दोरांनी ओढीत, आणि आजची पायवाट म्हणजे त्या खेचरांचीच वाट. त्यामुळे ती मैलोन् मैल जवळजवळ सपाट आहे, चढउतार नावालाच. प्रिन्स्टनजवळच्या किंग्स्टनहून पंधरा मिनिटे जावे आणि तेवढीच मिनिटे परत यावे. प्रवेशशुल्क नाही.

पाणी पाहायचे असेल, तर न्यू यॉर्कची स्टेटन आयलंड फेरी आहे. १९९७ पासून तिला तिकीट नाही. सुमारे पंचवीस मिनिटांच्या प्रवासात स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा दिसतो. मॅनहॅटनहून निघताना उजव्या बाजूला बसावे. पलीकडच्या धक्क्यावर सर्वांना उतरून पुन्हा चढावे लागते, तेवढी तयारी ठेवावी. धक्क्याबाहेर कोणी या फेरीची तिकिटे विकू लागला, तर तो फसवतो आहे असे खुशाल समजावे. तेथवर नेणाऱ्या न्यू जर्सीच्या आगगाड्यांत ६२ वर्षांपासून पुढे सवलत मिळते. वयाचा पुरावा जवळ असू द्यावा. याउलट, राष्ट्रीय उद्यानांचा ज्येष्ठांसाठीचा स्वस्त पास केवळ तेथील नागरिकांना आणि कायम रहिवाशांना मिळतो. पाहुण्यांनी तो गृहीत धरू नये. खरा खर्च होतो तो बहुधा पार्किंगचा आणि बाहेरच्या खाण्याचा. घरून पोळीभाजीचा डबा नेला, तर दुसरा तरी वाचतो.

आता काही सावधगिरी. तेथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात, म्हणून रस्ता ओलांडताना प्रथम डावीकडे पाहावे. आयुष्यभराची सवय नेमकी उलट असते. लाल दिवा असतानाही बहुतेक ठिकाणी चालकाला थांबून उजवीकडे वळता येते. त्या वेळी त्याचे लक्ष डावीकडून येणाऱ्या वाहनांवर असते, समोरच्या पादचाऱ्यावर नसते. त्याची आणि आपली नजरानजर झाल्याखेरीज पाऊल टाकू नये. पदपथ नसेल, तर रस्त्याच्या डाव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चालावे, आणि कपडे ठळक रंगाचे असावेत.

दुसरी सावधगिरी गोचिडीची. न्यू जर्सीत खसखशीच्या दाण्याएवढ्या बारीक गोचिडीपासूनही लाइम नावाचा आजार होऊ शकतो. उंच गवतात शिरू नये, वाटेच्या मध्यातून चालावे, फिकट रंगाचे कपडे घालावेत आणि पायमोजे विजारीवर ओढून घ्यावेत. घरी आल्यावर गुडघ्यांच्या मागे, काखेत, जांघेत, केसांत नीट पाहावे. गोचीड चिकटलेली आढळली, तर बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी. ती चोवीस तासांच्या आत निघाली, तर धोका पुष्कळ कमी होतो. चाव्यानंतर तीन ते तीस दिवसांत त्वचेवर पसरणारा लाल चट्टा उठू शकतो. म्हणजे तो मायदेशी परतल्यावरही दिसू शकतो. आपल्याकडील डॉक्टरांना हा आजार सहसा पाहावा लागत नाही. तेव्हा आपण न्यू जर्सीत राहून आलो आहोत, हे त्यांना आपणहून सांगावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी चालताना खडीसाखर आणि पाणी जवळ ठेवावे. जुलै-ऑगस्टच्या दमट उकाड्यात चालणे सकाळीच उरकावे.

मुलांसाठीही दोन शब्द. आईवडिलांना फिरवून आणणे ही सेवा खरीच; पण त्यांना एकट्याने फिरता येईल अशी व्यवस्था करणे, ही त्याहून मोठी सेवा आहे. पहिल्या आठवड्यात तीनदा त्यांच्याबरोबर तीच वाट चाला. बाक कोठे आहे, रस्ता ओलांडण्याचे बटण कोठे आहे, स्वच्छतागृह कोठे मिळेल, हे दाखवा. सार्वजनिक ग्रंथालय वाटेत असेल, तर उत्तमच. तेथे बसायला, वाचायला आणि स्वच्छतागृह वापरायला पैसे पडत नाहीत. त्यांच्या फोनमध्ये तेथील सिम असू द्या. खिशात एक कागद द्या : घरचा पत्ता, तुमचा नंबर, औषधांची नावे, कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे ते, आणि विम्याच्या पॉलिसीचा क्रमांक. तातडीच्या मदतीसाठी ९११, हेही त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. मग चौथ्या दिवशी त्यांना एकटे जाऊ द्या आणि दर पाच मिनिटांनी फोन करण्याचा मोह आवरा.

एकाच वेळी, एकाच वाटेवर रोज दिसणारा माणस लोकांना ओळखीचा होतो. कुत्र्याला फिरवणारे शेजारी हात हलवू लागतात, आणि उद्यानाच्या बाकावर एखादे गुजराती किंवा तेलुगू आजोबा भेटतात. भाषा अर्धीमुर्धी जुळते. मधुमेह, गुडघे आणि नातवंडे हे विषय मात्र पुरे जुळतात. संध्याकाळी मुले घरी आली की ‘आज काय केलेत?’ या प्रश्नाला सांगण्याजोगे स्वतःचे असे काहीतरी आपल्याजवळ असते.