अंगणवाडी मोबाइलमध्ये मावत नाही

"आजचा विषय : माझे कुटुंब. व्हिडिओ मुलाला दाखवा, कृती करून घ्या आणि उद्या सकाळपर्यंत फोटो पाठवा." नांदेडच्या देगलूर नाक्याच्या वस्तीत किंवा लातूरला गंजगोलाईमागच्या एखाद्या गल्लीत असा संदेश सकाळी दहाला येतो. घरात फोन एकच, तो वडिलांच्या खिशात, आणि वडील ऑटो घेऊन स्टेशनवर. रात्री नऊला ते घरी येतात तेव्हा चार वर्षांचे मूल पेंगत असते. त्याला उठवून बसवले जाते. पडद्यावर आई येते, बाबा येतात, आजी-आजोबा येतात. मग हातात बॅट घेतलेला एक मुलगा येतो आणि आवाज सांगतो, हा दादा. मूल मान हलवते. त्याचा दादा म्हणजे अब्बांचे अब्बा. त्यांना पांढरी दाढी आहे आणि ते शेजारच्या खोलीत खोकत आहेत.

व्हिडिओ चुकीचा नाही. मराठी घरात थोरल्या भावाला दादा म्हणतात, आमच्या घरात आजोबांना. समोर बसलेल्या बाईंना हा घोळ अर्ध्या मिनिटात कळला असता. त्या हसल्या असत्या, मुलाने आपल्या दादांची गोष्ट सांगितली असती आणि एका शब्दाचे दोन अर्थ वर्गातल्या वीस मुलांना मिळाले असते. व्हिडिओला यातले काही कळत नाही. तो पुढच्या चित्राकडे जातो, आणि आपले बोलणे चुकीचे आहे एवढेच मूल त्यातून शिकते.

माझे म्हणणे सरळ आहे. घर, भाजी, पाणी, बाजार, जनावरे, कपडे हे विषय तीन ते सहा वर्षांच्या मुलाला पडद्यावरून शिकवणे म्हणजे शिक्षण नव्हे. ऑनलाइन काही द्यायचेच असेल तर ते आईबापांना द्यावे. आणि त्या लिंकच्या आडून अंगणवाडीची जबाबदारी कोणी झटकू नये. सरकारने नको, खासगी नर्सरीवाल्यांनी नको आणि आपणही नको. माझे माहेर लातूर, सासर नांदेड, आणि गेली बारा वर्षे मी लहान मुलांनाच शिकवते. दोन्ही शहरांतली घरे मला आतून ठाऊक आहेत.

हे सगळे करोनाच्या काळात सुरू झाले हे मान्य. तेव्हा दुसरा इलाज नव्हता. पण त्या काळातही नियम काय होता ते आठवून पाहा. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने 'प्रज्ञाता' नावाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात पूर्वप्राथमिकसाठी दिवसाला जास्तीत जास्त तीस मिनिटे होती, आणि तीही पालकांशी बोलण्यासाठी, त्यांना मार्गदर्शन करण्यासाठी. मुलाला पडद्यापुढे बसवण्यासाठी नव्हे. त्याच्या आदल्या वर्षीच जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले होते की एक वर्षाच्या मुलाला पडदा नकोच, दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात एक तासाहून अधिक नको, आणि जितका कमी तितका बरा. म्हणजे महामारी ऐन भरात असतानाही कागदावर शहाणपण होते. शाळा उघडल्या, महामारी गेली, पण व्हॉट्सॲपचे ग्रुप काही बंद झाले नाहीत. सोय कोणाला नको असते?

लातूरच्या एका नर्सरीत माझी भाची जाते. नाव सांगत नाही, कारण अशा पुष्कळ आहेत. तिथे वर्गाच्या फीबरोबर 'होम ॲक्टिव्हिटी'चे वेगळे पैसे घेतात. त्याबदल्यात रोज एक व्हिडिओ आणि रंगवायचा एक कागद. लातूर पॅटर्नचा आम्हा लातूरकरांना अभिमान आहे, पण तो दहावी-बारावीच्या मुलांसाठी होता. साडेतीन वर्षांच्या पोरीने सफरचंद रेषेबाहेर रंगवले म्हणून तिच्या आईला ग्रुपवर 'मोअर प्रॅक्टिस' असा शेरा यावा, हे कुठले पॅटर्न?

आणि फोटोचे काय सांगावे! कृती आई करते, मूल ती हातात धरून उभे राहते, फोटो जातो, हजेरी लागते. आमच्या वस्तीतल्या काही घरांना मुलीचा फोटो अनोळखी लोकांच्या ग्रुपवर टाकणे पसंत नाही. मला त्यात काही गैर वाटत नाही. कुठल्याही धर्माच्या आईला तसे वाटू शकते. पण फोटो नाही म्हणजे कृती नाही, आणि कृती नाही म्हणजे 'पालक उदासीन'. आपल्या मोहल्ल्यांवर हा शिक्का आधीच मारलेला आहे, आता त्याला मोबाइलचा पुरावाही मिळाला.

वास्तविक या मुलांच्या घरात शिकण्यासारखे काय नाही? लातूर म्हणजे तूर, हरभरा आणि सोयाबीनची बाजारपेठ. डाळ निवडणाऱ्या दादीशेजारी मूल बसले आणि तूर एकीकडे, हरभरा दुसरीकडे, खडे तिसरीकडे केले, तर वर्गीकरण झाले, मोजणी झाली आणि बोटांना चिमटीची सवय लागली. पुढे पेन्सिल धरायला तीच चिमटी लागते. (तीन वर्षांच्या आतल्या मुलाला मात्र दाणे एकट्याने देऊ नका, नाकात घालते.) नांदेडला अर्धापूरची केळी गाड्या भरभरून येतात. कच्चे हिरवे केळे, पिवळे केळे आणि काळे पडलेले केळे शेजारी ठेवले की रंग, चव, वास आणि काळ हे चारही विषय एका सालीत सापडतात. तरी व्हिडिओत फळ म्हटले की स्ट्रॉबेरी.

'पाणी' हा विषय घ्या. पडद्यावर निळी नदी वाहते, मासा हसतो. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथल्या मुलाला पाणी असे शिकवायचे? नळ कधी येतो, कोणती घागर प्यायची, कोणती वापरायची, किती तांब्यांनी बादली भरते, भाजी धुतलेले पाणी कुठे जाते, हे तिथल्या चार वर्षांच्या मुलाला माहीत असते. त्याला फक्त कोणीतरी विचारायला हवे. शिक्षक म्हणजे असे विचारणारा माणूस, आणि ही सगळी भानगड टाळण्यासाठीच व्हिडिओ पाठवला जातो.

भाषेचा प्रश्न याच ठिकाणी येतो. आमच्या घरांत दखनी बोलतात. ती ना पुस्तकातली उर्दू, ना शाळेतली मराठी. मूल 'मेरेकू नक्को' म्हणते तेव्हा त्याच्या तोंडात मराठीतला नको आधीच असतो. दूध, हात, कान, नाक, मामा दोन्हीकडे सारखेच. पानीचे पाणी व्हायला वेळ लागत नाही. कांदा मात्र प्याज असतो, वांगे बैंगन असते, मीठ नमक असते. एकच कांदा हातात घेऊन मुलाने प्याज म्हणावे आणि बाईंनी 'हो, प्याज. मी याला कांदा म्हणते' एवढे म्हणावे, की दुसरी भाषा घरात पाहुण्यासारखी येते. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही सांगते की शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावे. मराठवाड्याला तर हे वेगळे सांगायलाच नको. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात कचेरीची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. मराठी घरातल्या मुलांना तेव्हा काय सोसावे लागले, हे इथल्या जुन्या लोकांनी पुष्कळ सांगून ठेवले आहे. तेच आता उलट्या बाजूने आमच्या मुलांच्या वाट्याला येऊ नये. मला मराठी नको असे मी अजिबात म्हणत नाही. मराठी आमच्या मुलांना उत्तम यायलाच हवी. म्हणूनच ती माणसाकडून यावी.

काही जण म्हणतात, साधनेच नाहीत, मग काय करणार? त्यांनी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे काम पाहावे. १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी मुलांसाठी जे केले, त्यात शिंपले होते, बिया होत्या, पाने होती, दगडगोटे होते. महागडे काही नव्हते. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, आणि अंगणवाडी हा शब्द तिथून आला. मूल आले नाही तर आपण जायचे, हा त्या शब्दाचा अर्थ. आपण मात्र त्याच्याकडे लिंक पाठवतो.

२ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या सहा सेवांमध्ये पूर्वप्राथमिक शिक्षण ही एक सेवा आहे. खिचडी आणि लसीकरणाइतकाच मुलाचा तो हक्क. सेविकांवर माझा राग नाही. मानधनावर राबणाऱ्या या बायकांवर एकामागून एक ॲप लादले गेले. २०२१ मध्ये राज्यातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले, ते निकृष्ट फोन आणि इंग्रजीतल्या पोषण ट्रॅकरला कंटाळून. ज्या बाईला दिवसभर माहिती भरायची आहे ती मुलांशी कधी बोलणार?

आता थोडे आपल्या लोकांशी. 'अंगणवाडी गरिबांची, तिथे फक्त खिचडी मिळते' असे म्हणत आपणच तिच्याकडे पाठ फिरवली. मुलाने कायदा आणि नाजरा शिकावा म्हणून आपण त्याला रोज मकतबात पाठवतो. उच्चार उस्तादांच्या तोंडाकडे पाहूनच येतो, हे आपल्याला पक्के ठाऊक आहे. मग बाकीच्या तालीमीला फोन पुरतो असे कोणी ठरवले? जागा नाही म्हणावे, तर वस्तीवस्तीत शादीखाने उभे आहेत आणि सकाळच्या वेळी त्यांना कुलूप असते. सकाळी दहा ते एक एवढ्या वेळासाठी ते उघडायला कोणाची परवानगी लागते? कमिटीचीच ना?

एक आक्षेप मला खरा वाटतो. आई धुणीभांडी करते किंवा घरी शिलाई घेते, तिला वेळ कुठून आणायचा? ऑनलाइन धड्यांनी तिच्या डोक्यावर आणखी एक काम टाकले आहे, म्हणून तर हा लेख. तिला पाठवायचेच असेल तर दोन ओळींचा आवाजी संदेश पाठवा, तिच्या बोलीत : आज कपड्यांच्या घड्या घालताना मुलाला मोज्यांच्या जोड्या लावायला सांगा. फोटो मागू नका. करोनाच्या काळात 'प्रथम' संस्थेने पालकांना साध्या फोनवर छोट्या कृती पाठवल्या होत्या. इंटरनेटही लागत नव्हते. फोनचा एवढा उपयोग मला मान्य आहे. पण त्याने अंगणवाडीची जागा भरत नाही.

आणि अंगणवाडी मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये आदेश दिला की ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान चाळीस मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे. शहरातल्या झोपडपट्ट्यांनाही हा आदेश लागू आहे. त्याच वर्षी अल्पसंख्याकांसाठी पंतप्रधानांचा नवा पंधरा कलमी कार्यक्रम आला. त्याचे पहिलेच कलम अंगणवाडी सेवांच्या न्याय्य उपलब्धतेचे आहे. आपण वर्षानुवर्षे पंधरा कलमांवर परिषदा घेतल्या, पण पहिल्या कलमासाठी किती मोहल्ल्यांनी अर्ज केला?

अर्ज बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावे करायचा. सोबत चाळीस मुलांची नावे, जन्मतारखा, पालकांच्या सह्या किंवा अंगठे आणि जागेबद्दल कमिटीचे पत्र जोडायचे. शेवटी एक ओळ जरूर लिहावी : सेविका किंवा मदतनीस यांपैकी एकीला तरी मुलांची बोली यावी. पोच घ्यायला विसरू नका, तीन महिने त्या तारखेपासून मोजायचे आहेत. आमच्या चार गल्ल्यांची यादी आम्ही बायकांनी घरोघर जाऊन करायला घेतली आहे. काल मगरिबपर्यंत एकतीस नावे झाली.