धनकोलाही जाब विचारा

गोदाकाठच्या बासर येथे ज्ञानसरस्वतीच्या मंदिरात लहान मुले पहिले अक्षर गिरवतात. पूर्वीच्या आदिलाबाद व आताच्या निर्मल जिल्ह्यातील हे क्षेत्र नांदेडकरांनाही परके नाही. आमच्या गोव्याप्रमाणेच या पट्ट्यातूनही माणसे पोटासाठी आखाताची वाट धरतात. त्यामुळे एखाद्या मुलाचा हात धरावयास बाप जवळ नसला तर नवल वाटावयास नको. या बापाचे नशीब जगाच्या जमाखर्चाशी बांधलेले आहे.

१९७३ साली तेलाचे भाव भडकले आणि आखाती देशांकडे पैशाचा पूर लोटला. तेथे न खपलेला पैसा पाश्चात्त्य बँकांनी लॅटिन अमेरिकेस मुक्तहस्ते कर्जाऊ दिला. पुढे अमेरिकेतील व्याजदर चढले आणि ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोने हात टेकले. २००८ पूर्वी हेच नाटक नव्या पात्रांनिशी झाले. चीनसारख्या देशांची शिल्लक अमेरिकी कर्जरोख्यांत गेली, पैसा स्वस्त झाला, घरांचे भाव फुगले आणि फुटले. त्या धक्क्याने दुबईतील बांधकामे थबकली. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘दुबई वर्ल्ड’ या सरकारी मालकीच्या कंपनीने धनकोंकडे मुदत मागितली व वाटाघाटींनंतर तिला ती मिळालीही. परंतु व्हिसासाठी सावकाराचे कर्ज काढून गेलेला आणि रिकाम्या हाताने परतलेला मजूर कोणाकडे मुदत मागणार?

संकट कोसळले की उधळ्या ऋणकोच्या नावाने बोटे मोडली जातात. १९९१ साली सोने गहाण टाकताना भारतानेही हा अनुभव घेतला आहे. पण एकाची तूट ही दुसऱ्याची शिल्लक असते, हे साधे गणित सोयीस्करपणे विसरले जाते. तुटीबरोबरच अवाजवी शिलकीवरही आकार बसवावा, अशी योजना अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मांडली होती. तेव्हा शिलकीत असलेल्या अमेरिकेला ती मानवली नाही आणि १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत ती मागे पडली. आज तीच अमेरिका जगातील सर्वांत मोठी तूट वाहते आहे आणि २०२५ साली तिने जकातीचा सोटा उगारला. हा काव्यगत न्याय खरा. पण त्याचे वळ दुबळ्यांच्याच पाठीवर उठतात.

ऋणकोला शिस्त हवीच. परंतु धनकोसही जबाबदार धरणारा नियम जगाने केल्यावाचून ही संकटे टळणार नाहीत, असे आमचे स्पष्ट मत आहे.