कदंबची गाडी : मालकीची की भाड्याची?

जेथे खासगी बसमालकास नफा दिसत नाही, तेथेही जनतेस बस मिळावी, या अपेक्षेने गोमंतकीयांनी १९८० साली स्थापन झालेल्या कदंब वाहतूक महामंडळाकडे पाहिले. आता नव्या गाड्या विकत घ्याव्यात की दीर्घ मुदतीच्या कराराने भाड्याने घ्याव्यात, हा प्रश्न त्याच अपेक्षेच्या कसोटीवर पारखला पाहिजे.

भाडेकराराचा मोह समजण्यासारखा आहे. विजेची बस डिझेलच्या बसहून कितीतरी महाग. करारात गाडी, चालक आणि देखभाल ठेकेदाराची. महामंडळाने किलोमीटरमागे ठरलेला दर द्यायचा. २०१९ साली सुरू झालेल्या फेम योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात केंद्राने विजेच्या बसगाड्यांना याच पद्धतीसाठी अनुदान दिले आणि कदंबनेही तशा गाड्या रस्त्यावर आणल्या. एकरकमी भांडवल वाचते, हे खरेच आहे.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. अशा करारांत किमान किलोमीटरची हमी असते. गाडी रिकामी धावली तरी ठेकेदाराचे देणे चुकत नाही. तूट मात्र सरकारी तिजोरीची. विकत घेतलेली गाडी कर्ज फिटल्यावरही राबते. भाड्याच्या गाडीचे देणे शेवटच्या दिवसापर्यंत चालते आणि मुदत संपताच गाडी मालकाच्या घरी जाते.

मुंबईच्या बेस्टचा अनुभव तर डोळ्यांत अंजन घालणारा आहे. स्वमालकीच्या ३,३३७ गाड्या राखण्याचे २०१९ साली मान्य होऊनही तो आकडा टिकला नाही. पुढे काही ठेकेदारांनी अंग काढून घेतले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ठेक्यावरील चालकांनी संप पुकारला, तेव्हा हाल झाले ते प्रवाशांचे.

भाड्याची गाडी सर्वथा त्याज्य आहे, असे आम्ही म्हणत नाही. मात्र सत्तरी, सांगे, काणकोणच्या आडगावांची सेवा स्वतःच्या गाड्यांवर व स्वतःच्या चालकांवरच उभी असावी. आगार आणि कार्यशाळा कदापि हातच्या जाऊ देऊ नयेत. नवा करार करण्यापूर्वी व्याज, किमान हमी आणि मुदतीअखेर उरणारी गाडीची किंमत धरून दोन्ही मार्गांचा संपूर्ण हिशेब सरकारने विधानसभेपुढे ठेवावा. ठेकेदार उद्या बदलेल; पहाटे थांब्यावर उभा राहणारा विद्यार्थी मात्र कदंबचीच वाट पाहणार आहे.